सुक्याबरोबर ओलं जळतं, एकटं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘ओल्या लाकडातूनही विस्तव’ या मथळ्याचा लेख आला होता. धनुकलीने, म्हणजे काठीला दोरी बांधून केलेल्या लहान धनुष्याने, दांडा फिरवायचा, तो फळीवर घासायचा आणि निखारा पाडायचा, हे त्यात पाच पायऱ्यांत सांगितलं आहे. विषय माझ्या जिव्हाळ्याचा, म्हणून दोनदा वाचला. तिसऱ्यांदा भिंग घेऊन बसलो, कारण शेजारचं छायाचित्र काही केल्या पटेना. मी 31 वर्षं सुतारकाम शिकवलं आणि निवृत्तीनंतर गेली आठ वर्षं हौसेने हाच उद्योग करतो आहे, तेव्हा लिहिल्याशिवाय राहवलं नाही. पत्र लांबणार आहे, कात्री आपल्या हातात आहे.

आधी छायाचित्राचं बोलतो. त्यातल्या फळीला खाच नाही. दांडा टेकतो ती वाटी दिसते, भोवती धूरही दिसतो, पण वाटीच्या मध्यापासून फळीच्या कडेपर्यंत त्रिकोणी फोड कापून काढावी लागते, तिचा पत्ता नाही. ही फोड म्हणजे वाटीच्या वर्तुळाचा साधारण आठवा हिस्सा. ती नसेल तर घासून निघालेली भुकटी साचणार कुठे? ती वाटीच्या काठाने चहूकडे सांडते आणि पसरून थंड होते. निखारा दांड्यावर पडत नाही, फळीवरही पडत नाही, तो पडतो त्या भुकटीत. दांडा आणि फळी हे नुसतं जातं, पीठ एका जागी गरम राहिलं तरच पुढचं काही होतं. शिवाय दोरीचा वेढा असा घेतला आहे, की दांडा धनुकलीची काठी आणि दोरी यांच्या बेचक्यात अडकला आहे. तो दोरीच्या बाहेरच्या अंगाला हवा, नाहीतर दर फेऱ्याला काठीवर आपटतो. म्हणजे छायाचित्रातल्या गृहस्थांनी त्या दिवशी विस्तव केलेला नाही, एवढं मी पैजेवर सांगतो. धूर काय, कुणालाही काढता येतो.

हे सगळं एकवेळ सोडून दिलं असतं. पण चौथ्या पायरीत एक वाक्य आहे, ‘लाकूड ओलसर असेल तर थोडा जास्त जोर लावा.’ याच समजुतीपायी मी माझ्या तळहातांची सालं काढून घेतली आहेत.

झालं असं, की सहा-सात वर्षांपूर्वी मुलांच्या एका शिबिरात मला हे दाखवायला बोलावलं होतं. दोन रात्री पाऊस झालेला. मी तयार संच नेला नव्हता, कारण जागेवर मिळेल त्यातून करून दाखवायची ऐट. जमिनीवर पडलेली एक फांदी उचलली. हाताला बरी वाटली, सरळ होती, अंगठ्याएवढी जाड. तिचाच वीतभर दांडा केला आणि तिच्याच जाड बुडख्याची फळी. लाकूड ओळखण्यात जन्म गेला म्हणवणाऱ्या माणसाने पडलेली फांदी उचलावी, याची लाज मला अजून वाटते. मग सुरू झालं. पांढरा धूर भसाभस निघाला, मुलांनी टाळ्या वाजवल्या, मी जोर वाढवला. दहा मिनिटं, वीस मिनिटं. थांबून दम खाल्ला, पुन्हा चालू. उजव्या तळहाताला फोड आला, तो फुटला, त्यावर रुमाल गुंडाळला. खाचेत भुकटी जमत होती, पण तिचा रंग चहाच्या चोथ्यासारखा आणि बोटात धरली तर तिची वळी वळायची. दीड तास मी हे केलं, संपादक महाशय.

शेवटी पुढे बसलेली अकरा-बारा वर्षांची एक मुलगी म्हणाली, “सर, पण या धुराने डोळे चुरचुरत नाहीत.”

मी थांबलो. खरंच चुरचुरत नव्हते. तो पांढरा लोट वीतभर वर जाऊन विरत होता, मागे काही राहत नव्हतं. धूर असा विरत नाही. तो रेंगाळतो, कपड्यांना वास लावतो, घशात बसतो. आमच्या फळीतून दीड तास वाफ निघत होती.

शाळेत पुष्कळांनी काउंट रमफर्ड या शास्त्रज्ञाचा प्रयोग शिकलेला असतो. तोफांच्या कारखान्यात तोफेची नळी कोरताना ती तापते, हे या गृहस्थाने पाहिलं. मग मुद्दाम बोथट पातं लावून, तोफ पाण्याच्या पेटीत ठेवून, घोड्याच्या बळावर घर्षण चालू ठेवलं. अडीच तासांनी पेटीतलं पाणी उकळलं, खाली जाळ नसताना. हा प्रयोग त्याने 1798 साली प्रसिद्ध केला आणि उष्णता म्हणजे वस्तूत भरलेला एखादा द्रव आहे, या समजुतीला मोठा धक्का दिला. मी त्या दिवशी नेमकं हेच करत होतो, फक्त तोफेच्या जागी फांदी आणि घोड्याच्या जागी मी. मला पाणी उकळायचं नव्हतं, एवढाच काय तो फरक.

एक ग्रॅम पाणी 30 अंशांवरून उकळीला आणायला 70 कॅलरी लागतात. पण उकळीला आलेल्या त्याच पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे 540 कॅलरी मोजाव्या लागतात. ती वाफ निघून जाईपर्यंत भुकटी शंभरच्या आसपासच घुटमळते. लाकूड करपायला, त्याचा कोळसा व्हायला दोनशेच्या बरंच वर जावं लागतं. त्यात ओलं लाकूड सुक्यापेक्षा उष्णता वाहून नेण्यातही तरबेज, म्हणजे आपण टोकाला कमवावं आणि ते फळीने आजूबाजूला वाटून टाकावं. जोर वाढवला की वाफ वाढते. हात आधी संपतात, पाणी नंतर.

घरी येताना मी त्या फांदीचा तुकडा खिशात टाकून आणला होता. वजन केलं, 130 ग्रॅम. भट्टीत शंभरच्या थोडं वर, वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवला, तर 104. आम्ही लाकडातला ओलावा कोरड्या वजनावर मोजतो, म्हणजे 26 भागिले 104, बरोबर 25 टक्के. सुतार या लाकडाचा साधा पाट करणार नाही आणि मी त्यातून विस्तव काढायला निघालो होतो.

आपल्याकडे म्हण आहे, सुक्याबरोबर ओलंही जळतं. निरपराध माणूस अपराध्याबरोबर भरडला गेला की आपण ती वापरतो. पण म्हण करणाऱ्याला चूल माहीत होती. ओलं जळतं ते सुक्याबरोबर, त्याच्या जिवावर. नुसत्या ओल्याने कुणी जाळ केल्याची म्हण नाही. म्हणून आपल्या लेखाचा मथळाच मला मान्य नाही. ओल्या लाकडातून विस्तव निघत नाही. ओल्या दिसणाऱ्या लाकडाच्या पोटात सुकं लाकूड असतं, ते शोधून काढायचं असतं.

ते असतं कुठे? जमिनीला टेकलेलं काहीही घेऊ नये. मेलेलं पण उभं असलेलं झाड, किंवा मोडून वरच्या वर फांद्यांत अडकलेली, जमिनीला न लागलेली फांदी बघावी. साल गळून गेलेली असेल तर उत्तम, कारण साल ओल धरून ठेवते. पाऊस दोन दिवस पडला तरी अशा फांदीत तो फार आत जात नाही. वरचं थोडं तासून काढलं की खालून फिकट, कोरडं लाकूड निघतं. जाडसर, मनगटाएवढी फांदी घ्यावी आणि उभी फोडावी. बारीक काटकी आरपार भिजलेली असते, तिच्यात फोडून शोधायला पोटच नसतं. फोडल्यावर आतला भाग वरच्या ओठाला लावून बघावा. बोटांना कळत नाही तो गारवा ओठाला लगेच कळतो. हे मला एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी शिकवलं होतं, ते गालाला लावायचे.

लाकूड मऊ हवं. नख दाबलं तर खूण उठावी, पण चुरा होऊ नये. चुरा झाला तर ते कुजलेलं आहे. राळ नसलेलं हवं, कारण चिकट लाकूड घासण्याऐवजी गुळगुळीत होत जातं. विलो, पॉपलर, लिंडन, सीडर ही नावं या नादातल्या लोकांच्या तोंडी असतात. पॅसिफिक बेटांवरचे लोक जास्वंदीच्या कुळातल्या एका झाडाच्या मऊ लाकडावर नुसती काठी पुढेमागे घासून विस्तव करत आले आहेत. मी झाडाच्या नावामागे लागत नाही. नख आणि ओठ पुरतात.

आता सुताराचं थोडं ज्ञान पाजळतो. लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं. एक पेशींच्या पोकळीत, ते बादलीतल्या पाण्यासारखं, लवकर निघून जातं. दुसरं पेशींच्या भिंतींत मुरलेलं, ते हट्टी. ओलावा 28-30 टक्क्यांवर येतो तेव्हा पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि खरी लढाई तिथून पुढे असते. आणि हवा दमट असेल तर ती लढाई पुरती जिंकताही येत नाही. हवेत 65 टक्के आर्द्रता असेल तर लाकूड साधारण 12 टक्क्यांवर स्थिरावतं, 80 टक्के असेल तर 16, आणि 90 टक्क्यांना 20 च्या आसपास. म्हणून पावसात छपराखाली ठेवलेला, एकही थेंब न लागलेला संचसुद्धा सर्दावतो. काल पेटलेली फळी आज रुसली असं लोक म्हणतात, ते खोटं नाही.

यावर उपाय म्हणजे लाकूड लहान करणं. पाणी लाकडाच्या उभ्या धाग्यांच्या टोकांतून फार भराभर निघतं, कुशीतून सावकाश. म्हणून दांडा वीतभर आणि फळी दोन बोटं रुंद, बोटभर जाड, एवढंच आधी कापून घ्यावं आणि मग वाळवावं, अख्खा ओंडका नव्हे. वारा मिळेल तिथे टांगावं. काहीच नसेल तर दांडा-फळी रात्रभर सदऱ्याच्या आत, अंगाला लावून ठेवावी. आमच्या सौभाग्यवतींचं यावर जे मत आहे ते मी इथे देत नाही, पण सकाळी फरक पडलेला असतो.

एवढं करूनही लाकूड जरा ओलसर राहिलंच, तर मग धनुकलीनेच ते वाळवावं लागतं, आणि त्याची रीत ‘जोर लावा’च्या अगदी उलट आहे. फळीला खाच कापायची नाही. नुसती वाटी कोरायची, दांडा बसवायचा आणि हलक्या हाताने, वरून बेताचा दाब देत, संथ लयीत फिरवत राहायचं. दोन-तीन मिनिटं. वाफ निघू लागली की थांबायचं. दांडा उचलून बाजूला ठेवायचा. वाटी आणि टोक दोन्ही गरम असतात, त्या उष्णतेने आसपासचं पाणी आपोआप निघत राहतं. ही थांबण्याची वेळ फुकट गेली असं वाटतं, पण फुकटचं काम तेव्हाच होत असतं. मग जमलेली ओलसर भुकटी झटकून टाकायची आणि पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या बैठकीला आवाज बदलतो. आधी ओला, दबका, फसफसल्यासारखा असतो, तो कोरडा, खरखरीत होतो. वासही बदलतो, भिजलेल्या लाकडाचा जाऊन करपल्याचा येतो. डोळे चुरचुरायला लागले की मला त्या मुलीची आठवण होते. तेव्हा खाच कापायची.

मध्येच कधी दांडा किंचाळतो. लोक घाबरतात किंवा अजून जोरात ओढतात. बघितलं तर टोक आणि वाटी आरशासारखी चकाकत असते. मग घासलं जात नाही, नुसतं घसरतं. पटाशीने किंवा दगडाने दोन्ही खरवडून घ्यावं, चिमूटभर कोरडी रेती टाकावी, झालं.

भुकटीकडे बघायला शिकलं की अर्धी विद्या आली. फिकट, मऊ, रंध्याच्या भुश्यासारखी पडली तर दाब कमी आहे. तपकिरी, ओलसर, तिची बारीक वळकटी होत असेल तर पाणी अजून शिल्लक आहे. काळी, काजळासारखी बारीक आणि खाचेत आपणहून चिकटून राहणारी, ती आपली. ती दिसली की मगच वेग वाढवायचा आणि दाबही. तेव्हा जोर लावा. शेवटची वीस-तीस सेकंदं, धनुकलीची एक टोक ते दुसरं टोक अशी पूर्ण ओढ घेत. आमच्या धंद्यात भोक पाडायला सामता होता, तोही धनुकलीनेच फिरायचा. त्यावर शिकाऊ पोराचा हात नेहमी मधल्या चार बोटांतच हलायचा. वडील ओरडायचे, कमान एवढी लांब काय शोभेला केली आहे का? इथेही तेच. डावं मनगट डाव्या नडगीला घट्ट टेकवलं म्हणजे दांडा डुलत नाही, हे लेखात बरोबर दिलं आहे, त्याबद्दल धन्यवाद.

दांड्याच्या वरच्या टोकाला मात्र घर्षण नको असतं. तिथे खोलगट दगड किंवा कठीण लाकडाचा तुकडा धरतात आणि त्यात साबण, चरबी किंवा नुसता चुरगळलेला हिरवा पाला घालतात. हा दगड हाताने दाबण्याऐवजी दातांत धरायचा तुकडाही उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांनी केला होता, एक हात मोकळा राहावा म्हणून. माझे पुढचे दोन दात आता माझे नाहीत, त्यामुळे मी ते करून पाहिलेलं नाही. सांगायचं ते इतकंच, की साबण लावलेलं टोक चुकून खाली गेलं तर त्या दिवसाचा कार्यक्रम आटोपला. मी एका टोकाला कोळशाने फुली मारून ठेवतो.

दमट दिवसात दोन गोष्टी हमखास विसरतात. खाचेखाली कोरडी ढलपी किंवा सालपट ठेवायला हवं, नाहीतर भुकटी ओल्या जमिनीवर पडते आणि जमीन तिची ऊब पिऊन टाकते. आणि दोरी. भिजलेली दोरी दांड्यावर सरकते आणि नुकतंच वाळवलेलं लाकूड पुन्हा ओलं करते. एक दोरी खिशात कोरडी हवीच.

दांडा थांबवल्यावरही ढिगाऱ्यातून धुराची बारीक रेघ निघत राहिली, तर निखारा पडलेला आहे. इथे नव्वद टक्के लोक घाई करून घालवतात, मीही घालवली आहे. फळी झटक्याने उचलू नये. काडीने भुकटी खाली धरून फळी हळूच कलती करावी. मग काहीही करू नये. अर्धं मिनिट, एक मिनिट. निखारा आतल्या आत भुकटी खात मोठा होतो. हाताने थोडा वारा घालावा, तोंडाने फुंकू नये, कारण आपल्या श्वासात पाणी असतं. गाभ्यात लालसर ठिपका दिसला की मग तो सुक्या तंतूंच्या घरट्यात ठेवायचा. हे घरटं सगळ्यात आधी जमवून अंगाशी कोरडं ठेवलेलं असावं, निखारा हातात घेऊन गवत शोधत हिंडायची पाळी येऊ नये. तंतू निखाऱ्याभोवती हलकेच आवळायचे, घरटं तोंडाच्या जरा वर धरायचं, आणि मग लांब, संथ फुंकर. धूर पांढरा, मग दाट पिवळसर होतो, आणि एका क्षणी हातातच भक् होतं. केस सांभाळावेत.

जुनी माणसं हे रोज करत असतील असं मला वाटत नाही. 1991 मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेला, सुमारे 5300 वर्षांपूर्वीचा तो ओट्झी नावाचा माणूस आठवा. त्याच्याजवळ भूर्जाच्या सालीचा एक डबा होता आणि त्यात मेपलच्या पानांत कोळशाचे कण सापडले. म्हणजे विस्तव पानात गुंडाळून सोबत न्यायचा, जिथे जाऊ तिथे फुंकायचा. ओल्या प्रदेशात फिरणारा माणूस दुसरं काय करणार? त्याउलट 1922 मध्ये इजिप्तचा राजा तूतनखामन याची कबर उघडली, तिच्यात विस्तव पाडायचा संच निघाला. त्या फळीवर कितीतरी वाट्या आहेत. वाळवंटातली कोरडी फळी! तिच्याकडे बघून मला सरळ असूया वाटते. माझ्या फळीवर आजवर सात वाट्या झाल्या आहेत, त्यातल्या दोन पावसातल्या.

त्या शिबिरात पुढे काय झालं, हे राहिलंच. मुलीच्या बोलण्यानंतर मी फांदी टाकून दिली आणि मुलांना घेऊन एक वाळलेलं उभं झाड शोधलं. मनगटाएवढी फांदी तोडली, फोडली, सगळ्यांनी ओठाला लावून बघितली. दांडा-फळी करायला तासभर गेला. फिरवायला मुलं जोडीजोडीने बसली, दोरीचं एकेक टोक एकाच्या हातात, वरून दगड मी दाबलेला, कारण माझ्या हातांत काही उरलं नव्हतं. अंधार पडायच्या बेताला निखारा पडला. घरट्यात ठेवून फुंकायचा मान त्या मुलीला दिला. तिने फुंकला आणि खोकली, डोळे चोळत म्हणाली, “आता चुरचुरतात.” जाळ विझवताना पाणी ओतून, राख हाताने चाचपून, पुन्हा पाणी ओतलं, तेही तिनेच. हे शेवटचं आपल्या लेखातून गळलं आहे, पुढच्या वेळी सहावी पायरी म्हणून घालावं.

चौथ्या पायरीतलं ते वाक्य दुरुस्त करून छापावं, एवढी विनंती. छायाचित्र नव्याने काढणार असाल तर खाच असलेली, चांगली मुरलेली फळी मी पाठवून देईन. काम झाल्यावर तेवढी परत करावी.

आपला,
एक निवृत्त सुतारकाम शिक्षक